दहा जुलैपर्यंत कुणी काही बोलायचं नाही

१८ मे, रविवार

आज शाळेत आयांची सभा होती. मिस इब्तिसाम म्हणून समुपदेशक बाई आहेत, तिशीच्या, लग्न नाही, मूल नाही, आणि आम्हा साठ बायकांना शिकवत होत्या की परीक्षेच्या दिवसांत घरी पोरांना कसं सांभाळायचं. म्हटलं, बोल बाई, ऐकतो. घरात शांतता ठेवा. भांडणं नकोत. पोरं घाबरतील असं काही त्यांच्या कानावर घालू नका. दोन तासांनी पाय मोकळे करू द्या. दिवसातून दहा मिनिटं तरी अभ्यास सोडून दुसऱ्या कशावर बोला, नाहीतर ज्याच्याशी त्यांना बोलावंसं वाटतं त्याच्याशी बोलू द्या. आणि स्वतःची काळजी पोरांच्या डोक्यावर ओतू नका, एखाद्या वहीत लिहा.

म्हणून ही वही. बाकीचं बघू. दहा मिनिटांत फिजिक्सचं एक उदाहरण होतं.

काळजी लिहायची तर सरळ लिहिते. माझी एकुलती एक रोवैदा यंदा थानवियाला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या बोर्डाच्या परीक्षेला, बसते आहे. पाच पेपर, तीनशे वीस गुण, आणि त्या गुणांवर पुढचं सगळं आयुष्य. इथे मन्सूरा शहरात आमच्या जिन्यावर बारा घरं आहेत, त्यातल्या चार घरांच्या दारावर डॉक्टरची पाटी आहे. मी नागरी नोंदणी कचेरीत बावीस वर्षं खिडकीमागे बसून लोकांना जन्माचे आणि मृत्यूचे दाखले देते. मला पाचवी पाटी आमच्या दारावर हवी आहे. संपलं.

१ जून, रविवार

छावणी सुरू. बिनपगारी रजा मंजूर झाली. टीव्हीवर चादर घातली. फ्रिजवर वेळापत्रक लावलं. रोवैदाचा फोन माझ्या कपाटात, कुलपात. जाऊबाईंना, म्हणजे अवातिफला, सांगून टाकलं की दहा जुलैला शेवटचा पेपर आहे, तोवर माझ्या घरी पाऊल टाकायचं नाही. ती म्हणाली, "अगं, मुलीला परीक्षा आहे की गोवर निघालाय?" म्हटलं, तेच समज.

एकाच गोष्टीवरून वाजलं. मुख्तार, माझा नवरा, अकरा वर्षं परदेशात, दम्मामला, एसी दुरुस्तीच्या कंपनीत आहे. वर्षातून एक महिना येतो. रोज संध्याकाळी नमाज झाली की त्याचा फोन येतो आणि बापलेक खिदळत बसतात. कुणाच्या एसीत कबुतरानं अंडी घातली, कुठल्या शेखच्या बायकोनं त्याला चहाऐवजी बर्फ दिला, असलं काहीतरी. रोजची पंधरा मिनिटं म्हणजे महिन्याचे साडेसात तास. मी सांगितलं, आता फक्त शुक्रवारी.

"आई, कैद्यांनासुद्धा आठवड्यातून दोन भेटी असतात," रोवैदा म्हणाली.

"कैद्यांना मेडिकलला जायचं नसतं."

तोंड फुगवून गेली. फुगू दे.

८ जून, रविवार

मुख्तारचा फोन. माझ्याशी बोलला, कारण रविवार. म्हणतो दोन दिवस डावा हात जड वाटतोय, आणि परवा चौथ्या मजल्यावर जाताना मध्येच पायरीवर बसावं लागलं. म्हटलं, पन्नाशी झाली, रोज रात्री बाहेरचं शावर्मा खाणार, मग दुसरं काय होणार! लिंबू पी, बरं वाटेल. तो हसला. म्हणाला, "डॉक्टर घरात यायच्या आधीच तू डॉक्टर झालीस."

मग विचारलं, पोरगी काय करते. मी सांगितलं, वाचते आहे. "जेवते का?" जेवते. "हसते का?" आता काय सांगावं या माणसाला! एन्झाइमांची यादी पाठ करताना कोण हसतं?

रोवैदानं आज ताट अर्धं टाकलं. रात्री दात खाते झोपेत. बडीशेपेचा काढा दिला.

१३ जून, शुक्रवार

शुक्रवारची भेट दिली. मी घड्याळ घेऊन उभी होते. दहाची सतरा मिनिटं झाली. मुख्तारनं तिला कुठल्याशा म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली, जो एसी बिघडला म्हणून रोज बोलावतो आणि प्रत्यक्षात बुद्धिबळ खेळायला माणूस हवा म्हणून बोलावतो. रोवैदा इतकी हसली की डोळे पुसत होती. मग फोन ठेवला आणि तासभर पुस्तक उघडं ठेवून खिडकीबाहेर बघत बसली. मी दारातून पाहिलं. एक पान उलटलं नाही.

ठरवलं. आता शुक्रवारही बंद. दहा जुलैनंतर पाहिजे तेवढं बोला, फोन कानाला शिवून घ्या.

रोवैदानं वाद घातला नाही. फक्त म्हणाली, "बाबांना तूच सांग. मी नाही सांगणार."

सांगितलं. तो म्हणाला, "तू जे करशील ते तिच्या भल्याचंच करशील, रोवैदाची आई." बघा, समजूतदार माणूस आहे. उगाच अवातिफ म्हणते की मी त्याला धाकात ठेवते.

२० जून, शुक्रवार

मुख्तारचं आज काय बिनसलं होतं कोण जाणे. सकाळपासून तीन फोन. "दोनच मिनिटं दे तिला." म्हटलं, परवा अरबीचा पेपर आहे, तुझा आवाज ऐकून तिचं चित्त उडतं, मागच्या वेळी पाहिलंय मी. "बरं, एक मिनिट." नाही. तो म्हणाला, "अगं, मंत्र्याची भेट मिळणं सोपं आहे." मी म्हटलं, मंत्र्याची मुलगी पेपर फोडून पास होते, आपली अभ्यास करून होणार आहे.

तिसऱ्या वेळी म्हणाला, "नको देऊस. फोन नुसता तिच्या दाराशी धर. ती मोठ्यानं वाचते ना? तेवढं ऐकतो."

आता याला काय म्हणावं! पण आवाज असा काही केला की मी उठले. दाराशी फोन धरून उभी राहिले. आत रोवैदा व्याकरण घोकत होती, कर्ता, कर्म, तेच ते. दोन मिनिटं झाली असतील. मला हात अवघडला. फोन कानाला लावला. म्हटलं, झालं ऐकून? म्हणाला, "आवाज बसलाय तिचा. मध दे." आणि ठेवला.

एवढ्यासाठी तीन फोन. मध दिला.

२२ जून, रविवार

अरबी छान गेला! गेटबाहेर उन्हात चार तास उभी होते, पायांचे तुकडे पडले, पण ती हसत बाहेर आली तेव्हा काही वाटलं नाही. घरी येताना म्हणाली, "आई, आज बाबांशी बोलू दे ना. पेपर कसा गेला तेवढंच सांगते." मी म्हटलं, मी कळवते. "मला सांगायचंय." म्हटलं, फिजिक्स गुरुवारी आहे, फिजिक्स झालं की बोल. वचन दिलं.

मुख्तारला निरोप टाकला. त्यानं उत्तरात अंगठा पाठवला.

२४ जून, मंगळवार

मुख्तार गेला. दुपारी कंपनीतल्या माणसाचा फोन माझ्या दिरांना, अवातिफच्या नवऱ्याला, हमदी भाऊजींना आला. सकाळी उठलाच नाही. हृदय.

आत रोवैदा मिस्टर वहीदकडे फिजिक्स शिकते आहे, जेवणाच्या टेबलावर. मला इथे स्वयंपाकघरात बसून लिहावं लागतंय, कारण ओरडता येत नाही.

२५ जून, बुधवार

काल लिहिता आलं नाही पुढचं. आज लिहिते, कारण सगळं ठरलं आहे आणि ठरलेलं लिहून ठेवलं की डोकं ताळ्यावर राहतं.

काल संध्याकाळी मी "पोळ्या आणते" सांगून हमदी भाऊजींच्या घरी गेले. दोन गल्ल्या सोडून आहे. तिथे आधी पोटभर रडले. अवातिफनं मला धरून ठेवलं होतं. मग तोंड धुतलं आणि म्हटलं, रोवैदाला सांगायचं नाही.

भाऊजी म्हणाले, "नजला, बाप गेलाय तिचा."

"परवा फिजिक्स आहे."

"बाप गेलाय."

"आणि मी सांगितलं तर तो परत येणार आहे का? अकरा वर्षं तो तिथल्या उन्हात कशासाठी शिजला? हिच्या एका वर्षासाठी. ते वर्ष आता पाण्यात घालू?"

अवातिफ म्हणाली, "मोठी झाल्यावर ती तुला माफ नाही करणार गं." मी म्हटलं, डॉक्टर होऊन नको करू दे माफ. भाऊजींनी डोकं धरलं, पण कबूल झाले. आपल्याकडे काय पहिल्यांदा होतंय हे? आमच्याच जिन्यावरच्या वकिलांच्या मुलाला त्याची आजी गेल्याचं तीन आठवड्यांनी सांगितलं होतं. लोक नावं ठेवत नाहीत, उलट म्हणतात, आई खंबीर आहे.

मग जिन्यावरच्या बाकीच्या अकरा घरांत गेले. दरवानाला, वाण्याला, इस्त्रीवाल्याला, मिस्टर वहीदला. प्रत्येकाला मुसहफवर, म्हणजे कुराणाच्या प्रतीवर, हात ठेवायला लावून शपथ घातली: दहा जुलैपर्यंत कुणी काही बोलायचं नाही. शेजारची उम्म शादी, म्हणजे शादीची आई, हुंदका द्यायला लागली तर तिच्या तोंडावर हात ठेवला. सांत्वनाला यायचं ते भाऊजींच्या घरी. माझे काळे कपडेही तिथेच ठेवलेत. जाताना घालायचे, येताना पुन्हा फुलाफुलांचे.

आज सकाळी रोवैदाला नाश्त्याला अंडी केली. मीठ दोनदा घातलं. ती म्हणाली, "आई, तुलाच परीक्षा आहे असं वाटतंय." हसले मी. जमलं.

२६ जून, गुरुवार

फिजिक्स. सगळ्या मुली रडत बाहेर आल्या, पेपर भयंकर होता म्हणे. रोवैदा रडली नाही. पांढरीफटक पडली होती, ओठसुद्धा. मी म्हटलं, असू दे, सगळ्यांनाच अवघड गेलाय, गुण वाढवून देतील. तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बाबा कसे आहेत?"

मी तयारच होते. म्हटलं, मजेत आहेत! सकाळीच फोन होता, म्हणाले माझ्या वाघिणीला सांग, घाबरू नको. आणि बोलणं जरा लांबणीवर टाकू या, त्यांना वाळवंटातल्या कामावर पाठवलंय, तिथे फोनला रेंज नसते.

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बरं." घरापर्यंत एक अक्षर नाही.

दिलेलं वचन मोडलं म्हणून रागावली असेल. रागाची मला सवय आहे.

२८ जून, शनिवार

मिस इब्तिसाम म्हणाल्या होत्या की घर शांत ठेवलं की पोरं आपोआप मार्गी लागतात, ते खरं आहे. दोन दिवसांत पोरगी बदलली. ताटातलं सगळं संपवते. मुलुखियाची पातळ भाजी तिला आवडत नाही, तीही गिळली. वाद नाही, उलट उत्तर नाही. वेळापत्रकापेक्षा जास्त बसते. आणि बापाचा विषयच काढत नाही! आधी दिवसातून पाच वेळा, "बाबांचा फोन आला?" आता एकदाही नाही. मला भीती होती की रोज नवं खोटं कुठून आणू. त्याची वेळच आली नाही.

दुपारी कांद्यांची टोपली उचलून माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "आई, कांदे कापायचेत ना? सगळे काप. मी दार लावून घेते, माझ्या डोळ्यांत जातं." तीन किलो कांदा होता. मी बसले आणि कापत सुटले. देवानं बरी बुद्धी दिली पोरीला. मला रडायला दुसरी जागाच नव्हती.

१ जुलै, मंगळवार

आज त्याला पुरलं.

पेटी काल रात्री विमानानं आली. भाऊजींनी कागद सगळे केले. नोंदणीचं काम माझ्याच कचेरीत होतं. बावीस वर्षं मी खिडकीतून विचारते, मृताचं नाव, आईचं नाव, धंदा. आज माझ्या खुर्चीत बसलेल्या सुहैरनं काही विचारलं नाही, माझ्याकडे न बघता नाव लिहिलं आणि शिक्का मारला.

रोवैदाला म्हटलं, रजेच्या अर्जासाठी कचेरीत जाते आहे, दुपारपर्यंत येईन. ती टेबलावर केमिस्ट्री घेऊन बसली होती. म्हणाली, "कुठल्या कचेरीत?" म्हटलं, आमच्याच. "मी पण येऊ? जरा पाय मोकळे होतील." मी ओरडलेच. परवा पेपर आणि पाय कसले मोकळे करते? ती पुस्तकावर वाकली.

गावाकडच्या कबरस्तानात उन्हानं जमीन तापलेली. बायका मागे उभ्या होत्या. कुणी एक म्हातारी विचारत होती, मुलगी कुठे आहे याची? अवातिफनं तिला काहीतरी सांगून गप्प केलं. माती टाकताना मला फक्त एवढंच वाटत होतं की दीडला परत पोचायचं आहे.

भाऊजींच्या घरी कपडे बदलले, तोंड धुतलं, घरी आले. बघते तर रोवैदा त्याच खुर्चीत, बाहेर जायचे कपडे घालून, पायांत बूट, बंद बांधलेले. पुस्तक सकाळच्याच पानावर. मी म्हटलं, हे काय, बूट घालून अभ्यास? म्हणाली, "पाय गार पडले होते."

जुलैच्या उन्हात! ताणानं होतं असं, ऐकलंय मी. गरम पाण्यात मीठ टाकून तिचे पाय त्यात ठेवायला लावले आणि खाली बसून स्वतः चोळले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. केसांतून माती काढली असावी, कारण बोटं झटकली. म्हणाली, "आई, तू जेवून घे."

४ जुलै, शुक्रवार

रविवारचा इंग्रजी आणि कालचा केमिस्ट्री, दोन्ही ठीक गेले. आता फक्त बायॉलॉजी.

आज सकाळी पिवळा गाऊन इस्त्री करून माझ्या पलंगावर ठेवलेला. रोवैदानं केला. "हाच घाल आज," म्हणाली. "कालचा निळा मी धुतला." मी नवल करत राहिले. एरवी हिला स्वतःचा मोजा सापडत नाही.

उम्म शादी जिन्यात भेटली. हळूच म्हणते, "नजला, पोरीला खरंच काही माहीत नाही ना? काल माझ्यापाशी थांबली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, मावशी, आईकडे लक्ष ठेव." मी म्हटलं, परीक्षेत मुली हळव्या होतात. तुम्ही आपलं तोंड सांभाळा.

१० जुलै, गुरुवार

सगळं लिहिणार आहे. आज काही सोडायचं नाही.

गेटबाहेर बायका टाळ्या पिटत होत्या, कुणी पेप्सी वाटत होतं. मी काळे कपडे पिशवीत घेऊन उभी होते. रोवैदा आली. मी तिला सरळ भाऊजींच्या घरी नेलं. भाऊजी, अवातिफ, आणि मिस इब्तिसामनाही बोलावलं होतं, म्हटलं शिकलेल्या आहेत, सावरतील. अवातिफनं साखरपाणी करून ठेवलं होतं.

मी पाठ केलेलं बोलायला लागले. बाळा, अल्लाची मर्जी, तुझे बाबा...

"माहीत आहे," रोवैदा म्हणाली.

अवातिफनं साखरपाण्याचा पेला खाली ठेवला.

"फिजिक्सच्या दिवसापासून. गेटवर दुसऱ्या शाळेची एक मुलगी भेटली, तिचा भाऊ दम्मामला आहे. मला मिठी मारून म्हणाली, अशा वेळी आलीस, केवढी धीराची तू. मग घंटा झाली."

आणि माझ्या तोंडून काय निघालं? देवा, माझ्या तोंडात तेव्हाच आग पडायला हवी होती. मी म्हणाले, "मग फिजिक्स?"

"सोडवला," ती म्हणाली. "शेवटचा प्रश्न राहिला."

मिस इब्तिसामनी तोंडावर हात ठेवला. भाऊजी उठून गच्चीत गेले.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस? दोन आठवडे? ती म्हणाली, "बाहेर आल्यावर मी तुला विचारलं ना, बाबा कसे आहेत. तू म्हणालीस, मजेत. मला कळलं की तुला हे असंच हवंय. आणि तू इतकं काही जमवलं होतंस, सगळ्या जिन्याला शपथा घातल्यास. मी बोलले असते तर तू कोलमडली असतीस. मग तुला कोण सावरणार? मलाच सावरायला लागलं असतं, आणि तीन पेपर बाकी होते."

अवातिफ रडत म्हणाली, "आणि त्या मंगळवारी, दफनाच्या दिवशी, बाळा? तेव्हा तरी..."

"त्या मंगळवारी मी तयार होऊन बसले होते. आई शेवटच्या क्षणी विचारेल असं वाटलं होतं."

मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, "त्यांनी मला काही सांगायला सांगितलं होतं का गं? आधी?"

मी म्हटलं, मध दे म्हणाले. तुझा आवाज बसलाय म्हणाले. आणि मग सगळं सांगितलं. तीन फोन. दाराशी धरलेला फोन. जड झालेला हात, पायरी, लिंबू. सगळं.

तिनं ऐकून घेतलं. विचारलं, "मी काय वाचत होते तेव्हा?"

"व्याकरण."

"व्याकरण," ती म्हणाली. बाकी काही नाही.

मिस इब्तिसाम दारात माझ्याशी बोलल्या. "उम्म रोवैदा, मी सांगितलं होतं की ज्याच्याशी बोलावंसं वाटतं त्याच्याशी बोलू द्या." मी म्हटलं, तुम्ही हेही सांगितलं होतं की वाईट बातमी कानावर घालू नका. त्या म्हणाल्या, "मी म्हटलं होतं, उगाच घाबरवू नका. असं नव्हतं म्हटलं मी." वही काढून दाखवणार होते. पण वहीतही तसं लिहिलेलं नाही. मी आत्ता पाहिलं.

१७ जुलै, गुरुवार

रोवैदा रडत नाही. झोपते, जेवते, भांडी घासते. फोन परत दिला, तिनं चार्जही केला नाही. काल कबरीवर नेलं, तिनं फातिहा म्हटली, सुकलेली फुलं गोळा केली आणि विचारलं, "निघू या?"

मी म्हटलं, रड गं एकदा. मोकळी हो. ती म्हणाली, "येत नाहीये, आई. तेव्हा येत होतं." मी तिला हलवलं, खांदे धरून. ओरडले. दोष दे मला, शिव्या दे, थोबाडीत मार! ती घाबरली नाही. माझे हात हळूच सोडवले आणि मला पाणी आणून दिलं.

मला इतका राग आला की ग्लास फेकला. तिनं काचा गोळा केल्या.

२२ जुलै, मंगळवार

तीनशे एक! तीनशे वीसपैकी तीनशे एक. बापाचं प्रेत मधे असताना.

उम्म शादीच्या तोंडून आनंदाचा चित्कार निघाला आणि तिनंच स्वतःचं तोंड दाबलं. मी जिन्यात बसून रडले. मी आनंदानं रडले, हे लिहायची लाज वाटते, पण लिहिते. रोवैदानं स्क्रीनवर आकडा पाहिला, म्हणाली, "अभिनंदन, आई." मी म्हटलं, अभिनंदन तुझं. ती म्हणाली, "तुझंच."

यंदा आमच्या मन्सूराच्या मेडिकलला एवढ्यावर मिळेल असं मिस्टर वहीद म्हणतात. प्रवेशाची पसंतीयादी मी कागदावर लिहून दिली. एक, मन्सूरा मेडिकल. दोन, डेंटल. तीन, फार्मसी. रोवैदानं कागद घेतला, संध्याकाळी म्हणाली, "भरली." मी विचारलं, नीट बघून भरलीस ना? "नीट बघून भरली."

सगळं वाया गेलं नाही मग. एवढं तरी हातात राहिलं. मुख्तार, एवढं तरी राहिलं.

२ ऑगस्ट, शनिवार

चाळिसावा झाला. दीडशे माणूस जेवलं. रोवैदा सकाळपासून पाहुण्यांचं बघत होती, काळ्या कपड्यांत, माझ्यापेक्षा उंच दिसते आता. माझ्या औषधाची वेळ तिनं चुकू दिली नाही. बायका म्हणत होत्या, काय मुलगी आहे, काय वळण लावलंय नजलानं. मी ऐकत होते. मला ते ऐकायला बरंही वाटत होतं.

४ ऑगस्ट, सोमवार

आज खाली इस्त्रीवाला म्हणाला, "मुबारक, उम्म रोवैदा, पण एवढ्या लांब कशाला पाठवताय?" मी म्हटलं, कुणाला पाठवतेय? त्याच्या मुलाचा नंबरही कॉलेजप्रवेशाच्या त्याच यादीत लागलाय म्हणे, म्हणून त्यानं नावं पाहिली. यादी लागून दोन दिवस झाले होते.

वर आले. रोवैदा गादीवर कपड्यांच्या घड्या घालत होती.

अस्वान. मत्स्यविद्येचं कॉलेज. रेल्वेनं जवळजवळ एक दिवस.

"मासे?" मी म्हटलं. "तीनशे एक गुणांवर मासे? अगं, मेडिकल मिळत होतं तुला! इथे, घरापासून वीस मिनिटांवर!"

"हो."

"तुला माशांतलं काय कळतं? तू मासा खातसुद्धा नाहीस!"

"यादीत सगळ्यात लांबचं तेच होतं, आई."

मी पलंगावर बसले. ती घड्या घालत राहिली, बाह्या आत, मग दुमड, मी शिकवल्या तशा. मी विचारलं, "शनिवारीच कळलं होतं तुला?"

"शनिवारी सकाळी."

"आणि मला कधी सांगणार होतीस?"

"शनिवारी चाळिसावा होता ना. म्हटलं, तो नीट पार पडू दे. मग काल तू थकली होतीस. तुला उगाच ताण नको."

टोमणा असता तर मी भांडले असते. मी तिचा चेहरा नीट पाहिला, टोमणा नव्हता. महिनाभर मी तिच्याशी जशी बोलत होते तशीच ती बोलली, मायेनं, काळजीनं. शेवटचा टॉवेल घडी करून बॅगेत ठेवला आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "चहा टाकू का तुला?"

मी हो म्हणाले.